भाड्याच्या घरातल्या सरकत्या खिडक्या आणि बाल्कनीचं दार : भिंतीला भोक न पाडता बंदोबस्त

सहा वर्षांपूर्वी माझ्याच लेकीने मला बाल्कनीत कोंडलं. मी कपडे वाळत घालत होते, ती आतून काचेला नाक चिकटवून उभी होती, आणि तिच्या हाताला दाराच्या लॉकची ती अर्धचंद्रासारखी कडी लागली. टक. वय पावणेतीन. 'वर कर, वर कर' असं मी खुणावत होते, तर तिला तो खेळ वाटला. गॅसवर कुकर, फोन आत, नवरा ऑफिसात.

दुसरी शिट्टी झाली तेव्हा माझा धीर सुटला. बाहेरच्या बाजूचं शटर, म्हणजे सरकणारं काचेचं तावदान, दोन्ही तळव्यांनी धरून मी वर रेटलं आणि गदगदा हलवलं. लॉक आधीपासूनच सैल होतं, ते निसटलं. शटरची खालची कड ट्रॅक, म्हणजे ते ज्यात सरकतं ती खाच, सोडून माझ्या पायाशी आली आणि मी आत. मिनिटभराचं काम. कुकर बंद केला, लेकीला कडेवर घेतलं आणि मग पोटात गोळा आला. मला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही. मला हे मिनिटात जमलं, तर ज्याचा हाच धंदा आहे त्याला किती वेळ लागेल?

त्यानंतर पुण्यात तीन भाड्याची घरं झाली. प्रत्येक घरात राहायला गेल्यावर पहिल्या रविवारी मी काय करते, ते इथे लिहिते. बहुतेक गोष्टींना ड्रिल लागत नाही, म्हणजे डिपॉझिटवरून वाद नाही.

पहिलं काम : कोण सरकतं ते बघा

खिडकी-दार सुरक्षित कसं करावं हे शोधलं की पहिला सल्ला मिळतो तो ट्रॅकमध्ये काठी टाकण्याचा. झाडूचा दांडा कापा, ट्रॅकमध्ये आडवा ठेवा, झालं. सल्ला खोटा नाही, पण तो अमेरिकेतल्या घरांवरून आलेला आहे. तिकडच्या अशा दारांमध्ये सहसा एक काच कायमची घट्ट बसवलेली असते आणि दुसरी तेवढी सरकते. आपल्याकडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांमध्ये दोन्ही शटर सरकतात. आतल्या ट्रॅकमधल्या दांड्याने फक्त आतलं शटर अडतं. बाहेरचं शटर मोकळंच राहतं, आणि चोराचा हात पोचतो तो त्याच शटरपर्यंत.

म्हणून आधी दहा मिनिटं नुसती तपासणी करा. खिडकी बंद करा, पण लॉक लावू नका. आतून बघताना जे शटर तुमच्या जवळ आहे ते आतलं, जे मागे आहे ते बाहेरचं. आता बाहेरच्या शटरला तळवा टेकवून ते सरकवून बघा. सरकलं, तर तुमच्या खिडकीत दांडा एकटा पुरणार नाही. सरकलं नाही, तर एक काच पक्की आहे आणि तुमचं काम निम्मं झालं. तीन ट्रॅकची खिडकी असेल तर तिसरं शटर डासांच्या जाळीचं. सुरक्षेच्या हिशेबात ते धरूच नका. ती जाळी ब्लेडने पापडासारखी फाटते.

मग लॉक लावा आणि पुन्हा तेच करा. लॉक लावूनही शटर बोटभर हलत असेल, तर ते लॉक शोभेचं आहे.

शेवटी उचलून बघा. शटर दोन्ही हातांनी धरून सरळ वर उचला. खालची कड ट्रॅकच्या वर आली, तर ते बाहेर निघू शकतं. बाहेरचं शटर तपासताना एकाला शेजारी उभं करा आणि ते पूर्ण निघेपर्यंत उचलू नका. काच जड असते, आणि खाली कुणाची तरी स्कूटर उभी असते.

हे सगळं मोबाइलवर चित्रित करा. त्याचं कारण पुढे येईल.

शटर उचललं जातं, कारण ते तसंच बसवलेलं असतं

अ‍ॅल्युमिनियमवाला शटर बसवताना आधी ते वरच्या ट्रॅकमध्ये पूर्ण वर घालतो, मग खालची कड आत घेऊन बेअरिंगवर, म्हणजे शटरखालच्या छोट्या चाकांवर, सोडतो. त्यासाठी वर जागा ठेवावीच लागते. बेअरिंग झिजली की शटर आणखी खाली बसतं आणि वरची जागा वाढते. जुन्या इमारतींमधली शटरं म्हणूनच खुळखुळतात.

ही वरची फट भरायची. शटर उघडून एका बाजूला न्या. बंद झाल्यावर ते जिथे येतं, तिथल्या वरच्या ट्रॅकच्या आतल्या छताला प्लॅस्टिकच्या पट्टीचे दोनेक इंचांचे दोन तुकडे डबल टेपने चिकटवा, शटरच्या दोन टोकांच्या वर येतील असे. वायरिंगच्या केसिंगची (भिंतीवर वायर झाकतात ती) पट्टी यासाठी झकास. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते आणि कात्रीने नाही तर हॅक्सॉ ब्लेडने कापता येते. फट मोठी असेल तर एकावर एक थर द्या. शटर खालून सहज सरकायला हवं, म्हणून एक-दोन मिलिमीटर मोकळे ठेवा. काही ट्रॅकना वर मधोमध एक पातळ उभी कड असते. तिथे पट्टी चिंचोळी कापून कडेच्या शेजारी लावा.

यात गंमत अशी की शटर बंद असताना उचलता येत नाही, पण उघडून दुसरीकडे नेलं की धुण्यासाठी काढता येतं. ट्रॅकच्या छतात स्क्रू मारूनही हेच साधतं, पण तो स्क्रू मालकांना विचारून.

चांगल्या प्रतीच्या शटरला, विशेषतः बाल्कनीच्या दाराला, खालच्या टोकाशी कडेला एक छोटं भोक असतं. आतल्या स्क्रूने बेअरिंग वर-खाली होते. स्क्रू ड्रायव्हरने अर्धा-अर्धा फेरा देऊन शटर वर घ्या, दोन्ही टोकांना सारखं. वरची फट कमी होतेच, शिवाय न लागणारं लॉक पुष्कळदा याच उपायाने लागायला लागतं. लॉक बिघडलेलंच नसतं, शटर खाली बसल्यामुळे ते समोरच्या खाचेला भेटत नसतं. इतकं करूनही लागलं नाही, तरच नवं घ्या. जुनं लॉक काढून दुकानात सोबत न्या, कारण दोन स्क्रूंमधलं अंतर जुळलं तर जुन्याच भोकात नवं बसतं.

या कामाआधी ट्रॅक साफ करा. जुना टूथब्रश आणि व्हॅक्यूम असेल तर उत्तम. खोबरेल किंवा शिलाईमशीनचं तेल ट्रॅकमध्ये घालू नका, धूळ बसून आठवड्यात चिखल होतो. सिलिकॉन स्प्रे चालतो, मेणबत्तीही चालते.

दोन्ही शटर एका ठोकळ्याने

आता दांड्याने न सुटलेला प्रश्न. दोन्ही शटर बंद असतात तेव्हा ती मधे एकमेकांवर थोडी चढलेली असतात. आतल्या शटरची उभी पट्टी पुढे, बाहेरच्याची तिच्या मागे. बाहेरच्या शटरची खालची आडवी पट्टी मात्र आतून दिसते. त्या पट्टीवर, आतल्या शटरच्या उभ्या कडेला अगदी खेटून, एक जाड ठोकळा डबल टेपने चिकटवायचा.

काय होतं बघा. बाहेरचं शटर उघडायला कुणी ढकललं, की ठोकळा आतल्या शटरच्या कडेवर आदळतो, आणि आतलं शटर आधीच चौकटीला टेकलेलं असल्यामुळे हलत नाही. आतलं शटर ढकललं, तर तेही याच ठोकळ्यावर अडतं. एक ठोकळा, दोन्ही शटर बंद.

लहान मुलांसाठी चिकटवायची 'स्लायडिंग विंडो लॉक' ऑनलाइन मिळतात, ती याच तत्त्वावर चालतात. त्यातली बटण दाबून ठोकळा निघतो अशी घ्या, नाही तर रोज खिडकी उघडणार कशी? दुसरा प्रकार अंगठ्याने पिळायच्या स्क्रूचा. तो ट्रॅकच्या उभ्या कडेला चिमट्यासारखा घट्ट बसतो. पण तो आतल्या ट्रॅकवर बसतो, म्हणून आतलं शटरच अडवतो; ज्यांच्याकडे एक काच पक्की आहे त्यांनी तो खुशाल घ्यावा.

चिकटवणं नीट झालं नाही तर सगळं फुकट. पट्टी आधी साबणाच्या पाण्याने पुसा, वाळवा, मग सॅनिटायझरच्या कापसाने पुसा. ठोकळा दाबून अर्धा मिनिट धरा आणि एक दिवस त्याला हात लावू नका. जुलैत, भिंती घामेजल्यासारख्या असताना हे करू नका. मी केलं होतं. तिसऱ्या दिवशी ठोकळा कुंडीत पडलेला सापडला.

टेपचा भरवसा किती? निवांत वेळ मिळालेला, पहारीने तयार माणूस टेपला जुमानणार नाही. पण आवाज न करता काच सरकवून आत येणाऱ्याला त्याने चांगलाच खोळंबा होतो. म्हणून मूळ लॉकची दुरुस्ती आधी, ठोकळा त्याच्या जोडीला.

बाल्कनीचं दार

इथे दांडा वापरायचाच असेल तर लाकडाचा नको. पावसाळ्यात फुगतो आणि ऑगस्टमध्ये तुम्ही तो पकडीने ओढत बसता. वायरिंगचा पीव्हीसी पाइप घ्या, किंवा जवळच्या अ‍ॅल्युमिनियमवाल्याकडे उरलेला चौकोनी पाइप मागा. हसून बोललात तर पैसेही घेत नाही. माप दार बंद करून, ट्रॅकच्या तळाशी घ्या. वर घेतलेलं माप चुकतं, कारण चौकटी काटकोनात नसतात. टोकांच्या रबरासकट लांबी मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी भरेल असा कापा. दोन्ही टोकांना जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा लावला की खडखडत नाही.

ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती टेपने किंवा सिलिकॉनने बुजवू नका. पहिल्या मोठ्या पावसात पाणी उलटं हॉलमध्ये येईल, आणि मग मालकांना फोन करायची तुमची बारी.

आता आमच्या लेकीचा प्रश्न. बाल्कनीचं दार जितकं पक्कं कराल, तितकी स्वतःच बाहेर अडकण्याची भीती वाढते. आमच्या घरी नियम आहे : बाल्कनीत पाऊल टाकताना दांडा उचलून ट्रॅकमध्ये असा आडवा ठेवायचा की दार पूर्ण बंदच होणार नाही. दार चौकटीला भिडलं नाही तर लॉक लागणार कुठे? फोन खिशात. आणि मुख्य दाराची एक किल्ली समोरच्या काकूंकडे.

बाथरूमची खिडकी, जिकडे कुणी बघत नाही

हॉलच्या खिडकीला तीन लॉक लावून लोक बाथरूमच्या काचपट्ट्या विसरतात. या लूव्हर्सच्या पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ खाचांत नुसत्या सरकवलेल्या असतात. खाचेचं टोक नखाने वाकतं आणि पट्टी हातात येते. एकामागून एक चार पट्ट्या काढल्या की बारीक अंगाचा माणूस आत. ही खिडकी बहुधा डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या बंदिस्त पोकळीत, उघडते, म्हणजे आधाराला पाइप आहेत आणि बघायला कुणी नाही. ड्राय बाल्कनीचं, म्हणजे धुण्या-भांड्यांच्या छोट्या बाल्कनीचंही तेच.

मालक तयार असतील तर पट्ट्यांच्या बाहेर साधी लोखंडी जाळी बसवून घ्या. नसतील तर प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना खाचेत सिलिकॉनचा थेंब सोडा. नंतर ब्लेडने कापून निघतो. आणि सगळ्यात स्वस्त उपाय : बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी असते, ती झोपताना लावा. रात्री उठणाऱ्या आजी-आजोबांना तेवढं सांगून ठेवा.

जुन्या वाड्यांत, चाळींत लाकडी पल्ल्यांच्या खिडक्या असतात. तिथे दुबळी जागा म्हणजे कडीचे स्क्रू. अर्ध्या इंचाचे, गंजलेले. ते काढून त्याच भोकांत दीड इंची स्क्रू पिळा. भोक सैल झालं असेल तर आत आगपेटीच्या दोन काड्या फेव्हिकॉल लावून खुपसा, वाळू द्या, मग स्क्रू. नवं भोक नाही, आणि कडी ओढून निघत नाही.

ग्रिल आहे म्हणून निर्धास्त?

तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर ग्रिल हवंच. वरच्या मजल्यावरच्यांनीही छज्जा, एसीच्या बाहेरच्या युनिटचा कठडा, पावसाच्या पाण्याचा पाइप कुठून जातो ते एकदा खाली उभं राहून बघावं. सगळ्यात वरच्या मजल्याला गच्चीतून उतरता येतं, हे विसरू नये.

पण ग्रिलमधून माणूस आला नाही तरी काठी येते. उकाड्यात खिडकी उघडी ठेवून झोपलेल्या घरातून हूक लावलेल्या काठीने मोबाइल, पर्स, खुंटीवरची पँट ओढून नेणं ही जुनी युक्ती आहे. हाताची लांबी आणि वर चार-पाच फूट, एवढ्या टापूत किल्ल्या, फोन, पाकीट ठेवायचं नाही. मुख्य दाराची किल्ली खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेली मी तीन घरांत पाहिली आहे.

दुसरी बाजू आगीची. चारही बाजूंनी बंद ग्रिल म्हणजे आत अडकलेल्यांना पिंजरा. एका तरी ग्रिलला उघडणारा भाग असावा. त्याचं कुलूप आतून लागलेलं आणि किल्ली घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या जागी, पण बाहेरून काठी पोचणार नाही अशी. ते कुलूप महिन्यातून एकदा उघडून बघा. पावसाळ्यानंतर बऱ्याच कुलपांचा दगड झालेला असतो.

नवं ग्रिल स्वतः बसवू नका. ते मालकांचं काम, आणि इमारतीच्या बाहेरच्या दर्शनी भागात बदल होत असल्यामुळे सोसायटीची परवानगी लागते.

लहान मूल घरात असेल तर

मूल चढू शकेल अशी कुठलीच वस्तू खिडकीखाली ठेवू नका. दिवाण, टीपॉय, खेळण्यांचा डबा, सगळं हलवा. खिडकी चार इंचांपेक्षा जास्त उघडणार नाही अशा ठिकाणी वरचाच ठोकळा लावला की हवा येते आणि मूल जात नाही. डासांची जाळी मुलाचं वजन पेलत नाही. कबुतरांची नायलॉन जाळीही पक्षी अडवायलाच बनवलेली असते, तिच्या भरवशावर बाल्कनीत खुर्ची ठेवू नका.

मालकांशी बोलणं

आता ते चित्रण काढा. राहायला आल्यापासून दोन-तीन दिवसांत मालकांना एकच नीट संदेश पाठवा. मी असं लिहिते :

'काका, नमस्कार. घर छान आहे. एक-दोन गोष्टी कळवायच्या होत्या. हॉलच्या खिडकीचं लॉक लागत नाही आणि बाल्कनीच्या दाराचं शटर ट्रॅकवरून उचललं जातंय, व्हिडिओ सोबत पाठवते. अ‍ॅल्युमिनियमवाल्याला बोलावून बेअरिंग आणि लॉक बदलून घेतलं तर चालेल का? बिल तुम्हाला पाठवते. भिंतीला किंवा चौकटीला कुठेही नवीन भोक पाडणार नाही.'

यात तीन गोष्टी साधतात. बिघाड आधीपासूनचा होता याची तारखेसकट नोंद राहते, खर्च कुणाचा ते ठरतं, आणि भोकाचं नाव काढल्यावर काकांचा जीव भांड्यात पडतो. उत्तर 'हो बघू' असं आलं तर चार दिवसांनी पुन्हा विचारा. खर्च निम्मा-निम्मा झाला तरी मी करून घेते. एकदा एका घरमालकांनी 'इतकी वर्षं कुणाला त्रास झाला नाही' असं सांगून हात झटकले, तेव्हा स्वतःच्या पैशाने केलं आणि सोडताना जुनी लॉकं परत लावून नवी काढून आणली.

करार अजून व्हायचा असेल तर खिडक्या, लॉक आणि ग्रिलच्या किल्ल्यांची संख्या त्यातल्या वस्तूंच्या यादीत घालून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर भाड्याने राहायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. त्यामुळे 'अकरा महिन्यांचाच तर आहे, कशाला' हे ऐकून गप्प बसू नका.

गावाला जाताना

गणपतीला किंवा मे महिन्यात आठ-दहा दिवस घर बंद राहणार असेल तर दांडे आणि ठोकळे सगळीकडे लावा, बाथरूमची कडी लावा, ग्रिलची किल्ली आणि पाकिटं आतल्या खोलीत. पेपर आणि दूध बंद. एक दिवा रात्रंदिवस जळत ठेवणं म्हणजे 'घरी कुणी नाही' अशी पाटीच. टायमरचा प्लग लावा. खिडकीला चिकटवायचे चुंबकाचे छोटे अलार्म मिळतात, शटर सरकलं की किंचाळतात. सेल भरून, एकदा वाजवून बघून मगच निघा. रिकाम्या घरात ते वाजले तर ऐकायला शेजारी हवेत, म्हणून त्यांनाही सांगा. परत आल्यावर शटर जागेवरून हललेलं किंवा काच फुटलेली दिसली तर आत जाऊ नका, कशाला हात लावू नका, बाहेरूनच ११२ ला फोन करा.

घर सोडताना

चिकटवलेले ठोकळे ओढून काढू नका, चौकटीचा रंग सोबत येतो. हेअर ड्रायरने मिनिटभर गरम करा, मग दात साफ करायचा फ्लॉस किंवा मासेमारीचा दोरा टेपच्या मागे घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढा. उरलेल्या चिकटावर खोबरेल चोळून दहा मिनिटं ठेवा आणि फडक्याने पुसा. थिनर वापरू नका, चौकटीचा कोट निघतो. वरच्या ट्रॅकमधले तुकडे काढायला विसरू नका. नव्या भाडेकरूचं शटर अडलं की फोन तुम्हालाच येईल.

ठोकळे नव्या टेपवर पुढच्या घरात चालतात. दांडे नाही चालत, दर घराच्या ट्रॅकची लांबी वेगळी. आमचे दोन जुने पीव्हीसी पाइप सध्या बाल्कनीत टोमॅटोच्या रोपांना आधार देतायत.